कुंकवाखालची सपाट बाजू

या मित्रांनो, जरा पुढे सरका. भिंतीला टेकू नका, डुलकी लागते. माझा आवाज लहान आहे आणि गोष्ट मोठी आहे. गोड आहे असं मात्र समजू नका. तिच्यातला बराचसा भाग आठवला की मला आजही शिसारी येते. पण तिच्यात एक माणूस असं भेटतं, की त्याच्यासाठी ती सांगावीच लागते.

मी एक जुनी बॅट आहे. क्रिकेटची नव्हे, बेसबॉलची. क्रिकेटची बॅट पुढून सपाट असते, मी मुसळासारखी गोल. गोल लाकडाने गोल चेंडू सरळ मारणं अवघड असतं, आणि या खेळाची सगळी गंमत त्यातच आहे. म्हणून नियमच आहे, की बॅट सगळ्या अंगाने गोल हवी.

मेरठच्या एका कारखान्यात मला खरादावर कातून गोल उतरवलं. तिथून गिरधर सरांनी मला बुऱ्हाणपूरला आणलं. ते शाळेत खेळ शिकवायचे. मला खांद्यावर घेऊन ते बाजारातून निघाले, तेव्हा एका दुकानदाराने हाक मारली, "सर, एवढं मोठं लाटणं? कितने लोगों की रोटी है?" सगळा बाजार हसला. मला मात्र तेव्हा अभिमानच वाटला होता.

मग निंबोला गावच्या प्रकाशने मला हातात घेतलं. केळीचे घड उतरवून उतरवून त्याची मनगटं दोरासारखी पिळदार झाली होती. तो चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत बघायचा, मगच मला फिरवायचा. आता एक हिशेब समजून घ्या. खेळाडू दहा वेळा मारायला उभा राहिला आणि समोरच्याच्या चुकीशिवाय चार वेळा स्वतःच्या फटक्यावर पहिल्या बेसला, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्याला, पोचला, तर ते झालं 'दहात चार'. परीक्षेत एवढ्याने घरी बोलणी बसतात. पण या खेळात दहात तीन मारणाऱ्यालाही लोक डोक्यावर घेतात. प्रकाशने एक अख्खा हंगाम दहात चार मारले, ते माझ्याच अंगाने. त्यानंतर कितीतरी पोरं आली आणि गेली. त्या आकड्याला कुणी शिवलं नाही.

पुढे नव्या, हलक्या बॅटी आल्या. माझी रवानगी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत झाली. आमच्या क्लबचं सामान तिथेच असतं. धूळ बसली, उंदरांनी मुठीवरची पट्टी कुरतडली. पण खरं सांगू? मी तिथे सुखात होते. भिंतीपलीकडे कीर्तन व्हायचं. टाळ वाजायचे, बुवा रंगात यायचे, कथा भलतीकडे गेली की हसून म्हणायचे, "चला, मूळ पदाकडे येऊ." तशी मीही सावरून बसायची.

तर आपणही मूळ पदाकडे येऊ.

यंदाच्या हंगामात मयूर नावाचा कॉलेजातला मुलगा असा काही खेळत होता, की लोकांना प्रकाश आठवू लागला. देवळाच्या पायरीवर मयूर आणि आता वय झालेले प्रकाशभाऊ यांचा वाद चालायचा, तो मी आतून ऐकायची.

"काका, आजच्या जमान्यात दहात चार होतच नाही," मयूर म्हणायचा. "आमचे पिचर कसले फास्ट आहेत! बॉल टाकणारा एक थकला की दुसरा ताजा येतो. वरून मोबाइलवर माझेच व्हिडिओ बघून येतात, हा कुठे मारतो म्हणून."

"अन् आमचा पिचर सकाळी केळीची गाडी भरून यायचा," प्रकाशभाऊ हसायचे. "दुपारपर्यंत त्याचा हात वर जायचा नाही. पण मारायला तर लागायचंच ना भो!"

"म्हणून तर बघायचंय मला. जमतं की ते दिवसच गेले?"

एवढंच हवं होतं त्या पोराला. खरं उत्तर. आणि तो अगदी जवळ आला होता. दसऱ्याच्या दिवशी असीरगडच्या संघाशी हंगामातला शेवटचा सामना होता. तिथे त्याच्या शेवटच्या पाळीत एक फटका लागला की आकडा गाठला, नाही लागला तर थोडक्यात राहिला.

इथून पुढे गोष्ट नासते.

क्लबचे सेक्रेटरी गोटूशेठ. त्यांनी सत्काराचं बॅनर आधीच छापलं होतं. मावा जिलेबी आणि दराबा या बुऱ्हाणपुरी मिठाईची ऑर्डर गेली होती, पाहुणे ठरले होते. सामना तेवढा बाकी होता! त्यांनी जाहीर केलं, की मयूर शेवटचा फटका प्रकाशच्या जुन्या बॅटनेच मारणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वेडी, हरखून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कापडात गुंडाळून सुताराकडे नेलं.

"एका बाजूने रंधा मार. क्रिकेटच्या बॅटसारखं थोडं सपाट कर."

सुतार म्हणाला, "शेठ, गोल चीज आहे, गोलच राहू द्या ना."

"तू रंधा मार. ज्ञान नको देऊ."

मित्रांनो, ज्या अंगावर प्रकाशचे फटके उमटले होते, त्या अंगाची सालपटं माझ्यासमोर केराच्या टोपलीत गेली. दुखलं, पण दुखण्यापेक्षा किळस आली. आणि खरी किळस तर अजून यायची होती.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. आमचा क्लब बॅटी पूजतो. गोटूशेठनी माझ्या सपाट भागावर हळदीचा जाड लेप दिला आणि पाट मांडून प्रकाशभाऊंच्या घरून त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, बोलावलं.

"वहिनी, कुंकू तुमच्या हातचं. जरा जाडसर लावा हां, फोटोत दिसलं पाहिजे."

काकूंनी लावलं. किती मायेने लावलं! त्यांनी आयुष्यात क्रिकेटचीच बॅट जवळून पाहिलेली, त्यांना सपाट भागात वावगं काय वाटणार? त्यांनी मला झेंडू वाहिला, हात जोडले. त्या साध्या भावाचा गोटूशेठनी झाकणासारखा वापर केला. देवळाच्या भिंतीशी इतकी वर्षं राहिलेली मी, हे बघून मला स्वतःच्या लाकडाची घाण वाटली.

मैदानावर अंपायर होते आमचे गिरधर सर. बॅट हातात घेऊन, फिरवून तपासणं हे अंपायरचं काम. सरांनी माझ्यावरचं कुंकू पाहिलं, चपला बाजूला काढल्या आणि लांबूनच नमस्कार केला.

"पूजेची बॅट. ही काय तपासायची!"

गोटूशेठचा हिशेब अगदी बरोबर निघाला होता.

शेवटची पाळी आली तेव्हा मयूरने मला उचललं, फिरवलं, आणि त्याचा अंगठा थांबला. त्याने पुन्हा चाचपलं. गोटूशेठ त्याच्या कानाशी आले.

"सपाट बाजू पुढे ठेव आणि मार. कुणाला कळणार नाही."

"शेठ, ये तो चीटिंग आहे."

"अरे, गावाचं नाव होतंय! तुझंच नाव बॅनरवर आहे."

"मग मला कळणार कसं, जमलं का ते?"

गोटूशेठना हा प्रश्नच समजला नाही. मयूर मला घेऊन गिरधर सरांसमोर उभा राहिला. "सर, बॅट बघा."

"पाहिली रे."

"पाहिली नाही, नमस्कार केलात. हातात घेऊन बघा. कुंकू पुसून बघा."

"ए!" गोटूशेठ ओरडले. "सणाच्या दिवशी पूजेचं कुंकू पुसतोस? अभद्र कुठला!"

लोकांत कुजबुज झाली. मयूरचा हात हवेत थांबला. शेवटी घरचे संस्कार असतात, मित्रांनो. कुंकू पुसायला कुणाचा हात धजतो?

तेव्हा बायकांच्या रांगेतून सुनंदाकाकू उठल्या. सावकाश चालत मैदानात आल्या.

"काय आहे रे त्याच्याखाली?"

"काकू, बॅट तासून सपाट केलीय. सोपं जावं म्हणून."

काकूंनी गोटूशेठकडे पाहिलं. "म्हणून मला जाडसर लावायला सांगितलंत?"

"वहिनी, अहो तुमच्याच घराच्या बॅटचा मान..."

"मान आमच्या घरी आहे, तो तुम्ही नका देऊ. माझ्या हाताने देवाचं नाव घेऊन तुम्ही हे झाकलंत?" आवाज न चढवता त्यांनी मयूरपुढे हात केला. "दे इकडे. मी लावलं, मीच पुसते. देव ओळखतो मला."

आणि त्यांनी नव्या कोऱ्या साडीचा पदर धरला, मला खसाखसा पुसलं. हळद निघाली, कुंकू निघालं. खालचं उघडं, पांढरं लाकूड उन्हात सगळ्यांना दिसलं. गिरधर सरांनी मान खाली घातली आणि मला मैदानाबाहेर ठेवायला सांगितलं.

मयूरने रोजची बॅट घेतली. पिचरने चेंडू टाकला. काय आवाज झाला म्हणून सांगू! चेंडू केळीच्या बागेकडे निघाला. लोक उभे राहिले. असीरगडचा चेतन नावाचा पोरगा उलटा धावला, कुंपणापाशी अंग झोकून दिलं, आणि उठला तेव्हा चेंडू त्याच्या हातमोज्यात होता.

बाद. दहात चारला थोडं कमी.

गोटूशेठनी बॅनर गुंडाळलं. जिलेबी मात्र लोकांनी खाल्ली, आणि खाता खाता मयूरलाच नावं ठेवली. म्हणे, गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं? त्याचीही मला किळस आली.

मयूर प्रकाशभाऊंजवळ येऊन बसला. "म्हणजे नाहीच जमत ना काका?"

"माझ्या वेळी हा बॉल केळीत गेला असता," प्रकाशभाऊ म्हणाले. "असा धावणारा पोरगा आमच्यात कुणी नव्हता. जमतं का नाही ते मला नाही सांगता येणार, बेटा. यंदा नाही जमलं, एवढंच खरं आहे."

"एवढं खरं आहे," मयूर म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

आता मी पुन्हा देवळामागच्या खोलीत आहे. मला घेऊन कुणी खेळू शकत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसा, तेल लावा, जपा. पूजाही करा. पण पूजा करण्याआधी तिला हातात घेऊन नीट बघा.

मला विसरलात तरी चालेल. सुनंदाकाकूंच्या त्या साडीवरचा डाग गेला नाही, आणि त्या ती तशीच नेसून कीर्तनाला येतात. भिंतीपलीकडे त्या पुढच्या रांगेत बसतात. तुम्ही कधी देवळात गेलात आणि टाळांच्या गजरात पिवळा-लाल डागाळलेला पदर दिसला, तर त्यांना नमस्कार करा. आणि नाही दिसला, तरी त्यांची आठवण ठेवा.