रिकाम्या वाट्या

लेकीला ताप आला म्हणून ती आठवडाभर रजेवर गेली आणि तेवढ्यात सरांनी दिवे लावले.

"विसातल्या सतरा नमुन्यांत एकच विषाणू," सरांनी तिला प्रयोगशाळेच्या दारातच गाठलं. "आठ महिने तू चाळत बसलीस. मी आठवड्यात शोधून दिला."

काम चाळणीचंच होतं. कोट्यवधी विषाणू, प्रत्येकाच्या अंगावर प्रथिनाचा वेगळा इवलासा तुकडा. प्लेटमधल्या नखाएवढ्या वाटीच्या तळाशी आजाराचं प्रथिन बसवायचं, वर विषाणू ओतायचे, धुवायचे. धुऊनही जे सुटत नाहीत ते वाढवायचे, पुन्हा ओतायचे. पण त्याआधी एक बिनकौतुकाचं काम असतं: सगळे विषाणू रिकाम्या वाटीत फिरवून घ्यायचे. काही नुसत्या प्लास्टिकलाच चिकटतात, त्यांना तिथेच सोडायचं.

"रिकाम्या वाट्यांतून काढले होते ना, सर?"

"त्यात एक दिवस वाया जातो. मूल झालं की बायका फार भित्र्या होतात."

सर हातमोजे घालत ते फोटोपुरते. त्यांना काय सांगायचं? तिने प्लेट घेतली. वरच्या ओळीत आजाराचं प्रथिन, खालची ओळ रिकामी. दोन्हींत सरांचा सतरा वेळा निघालेला हिरा ओतला, धुतला, रंग घातला. चिकटला असेल तिथे निळं दिसणार होतं. ॲप्रनच्या बाहीवर लेकीने चिकटवलेलं फुलपाखरू होतं, दोन धुण्यांतही न सुटलेलं. त्यावरून बोट फिरवत ती थांबली.

दोन्ही ओळी सारख्याच निळ्या झाल्या.

"खालची ओळ झाक," सर म्हणाले. "तीन वाजता कंपनीची माणसं येतायत. अहवालावर सही कर."

"यावर तपासणीचं किट बनलं तर धडधाकट माणूसही आजारी ठरेल."

"ते पुढचं पुढे. महिनाअखेर तुझ्या नोकरीची मुदत संपतेय. घरात लहान लेकरू आहे, जरा जपून."

या माणसाला आपण सहा वर्षं भ्यायलो, याचीच तिला लाज वाटली. तेवढ्या वर्षांत संस्थेचे तीन संचालक आले, गेले. सर प्रत्येकाला तेवढेच घट्ट चिकटले.

तीन वाजता तिने प्लेट टेबलावर उघडी ठेवली. सरांनी लगबगीने खालच्या ओळीवर फाइल सरकवली. कंपनीच्या वयस्कर बाईंनी ती दोन बोटांनी उचलली.

"ही ओळ कशाची?"

"रिकाम्या वाट्यांची," ती म्हणाली. "तो प्लास्टिकलाच चिकटतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. सरांनी घसा खाकरला.

"हेच दाखवायला बोलावलं तुम्हाला. म्हटलं, घाई नको. रिकाम्या वाट्या लावायला मीच सांगितलं हिला."

"मग पुन्हा पहिल्यापासून कोण करणार?" बाईंनी तिच्याकडेच बघत विचारलं.

"हीच की. मुदत वाढवतोय ना आम्ही हिची."

अर्ध्या मिनिटात सर जुनी वाटी सोडून नव्या वाटीला चिकटले होते. तिने बिनसहीचा अहवाल त्यांच्यापुढे सरकवला.

"मुदतीचं पत्र बाईंसमोरच लिहा, सर," ती म्हणाली आणि रिकाम्या वाट्यांची नवी प्लेट काढायला गेली.