दमलेला अरबी

आजोबांचा प्रत्येक लाकडी घोडा रंगवण्याआधी नातीच्या हातून जायचा. ती डोळे घट्ट मिटून बोटं फिरवायची आणि जात सांगायची. कानांची टोकं एकमेकांना टेकली की मारवाडी, खुरांभोवती केसांचे झुपके लागले की गाडे ओढणारा, शायर नावाचा विलायती घोडा. तिला ओळखता आला नाही, तर घोडा सरळ सरपणात.

आज तिचं बोट नाकाच्या खोलगट उतारावरून घसरत शेपटीपर्यंत गेलं. "पळणारा अरबी. पण दमलाय."

"लाकूड कधी दमतं का गं?" आजोबा खेकसले.

"शेपटी खाली आहे. अरबी पळताना शेपटी उंच धरतो, तुम्हीच सांगितलंत."

चाळीस वर्षं घोडे कोरणाऱ्या आजोबांनी खोबणीत बसवलेली शेपटी उपटली.

"सरक जरा," ते म्हणाले आणि चष्मा काढून, डोळे मिटून, घोड्यावर बोटं फिरवत तिच्याशेजारी बसले.