सगळ्यांना बसणारा कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो. कोणा एकाचा नव्हे, फोटो स्टुडिओचा. आरशाशेजारच्या खुंटीवर माझी चाळीस वर्षं गेली.

मी शिवून आलो त्याच दिवशी फोटोग्राफरकाकांनी माझी पाठ कॉलरपासून खालपर्यंत उसवली. का, तर जाडा असो वा काटकुळा, कोट सगळ्यांना बसला पाहिजे. मागून चिमटे लावले की पुढून साहेब तयार. खाली रबरी चपला असल्या तरी फोटोत कुठे दिसतात? नोकरी शोधणाऱ्या पोरांची रांग लागायची. एकाच फोटोच्या तीन प्रती निघत: एक अर्जाला, एक मुलीकडच्यांना, एक स्वतःच्या पाकिटात. आरशात बघून जो तो खूश व्हायचा. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू.

आता फोटो फोनवरच निघतात आणि मला कुत्रंही विचारत नाही. त्याचं दुःख आहे, पण राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

परवा एक निवृत्त बँक अधिकारी मुलीला घेऊन आले. मुलगी एकोणतीस वर्षांची. कंत्राटावरची तिसरी नोकरी नुकतीच सुटलेली. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, त्यासाठी फोटो हवा होता. त्यात ॲपवर भेटलेला मुलगा चार महिने गोड बोलून एकाएकी गप्प झालेला. हे सगळं वडिलांनीच काकांना सांगितलं, तिच्यादेखत. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच कोटात मी एक फोटो काढला होता. आठवड्यात नोकरी, महिन्यात लग्न. हिला फोनवर हजार मुलं दिसतात, एक धड निवडता येत नाही. जरा नटून काढ म्हटलं, दोन्हीकडे चालेल."

मुलीचे डोळे भरले. असा रडका चेहरा अर्जावर लावून ती कुणापुढे जाणार होती?

मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मी होतो की तिथे! या साहेबांच्या त्या फोटोच्या प्रती न्यायला यांचे मामा आले होते, बँकेतले हेडक्लार्क. "अर्ज नुसता नावाला, जागा ठेवलीय," असं काकांना सांगून गेले. आणि लग्नानंतर जोडीने फोटो काढायला आले, तेव्हा नवी नवरी हळूच म्हणाली होती, "यांचा फोटो मला लग्न ठरल्यावर दाखवला." याला म्हणायचं निवड!

काकांनाही सगळं आठवत होतं. लेन्स पुसत ते म्हणाले, "साहेब, तुमच्या मामांना सांगा ना, हिचंही बघा म्हणावं."

"मामा जाऊन वीस वर्षं झाली."

"मग हिला एकटीलाच जावं लागणार."

साहेबांचा चेहरा उतरला. मुलीने डोळे पुसले.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

ते घुटमळले, मग बाहेर बाकावर जाऊन बसले. तिने स्वतःच्या साध्या शर्टात फोटो काढला, फक्त नोकरीसाठी.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल आणि वर चढताना कोणी हात दिला ते सोयीने विसराल. तेव्हा पोरांना हिणवायला तोंड उघडण्याआधी उठा आणि बाहेर जाऊन बसा. आमचा बाक लांब आहे, अजून पुष्कळ जण मावतील.