चंद्रावतीने शाहीदला मारलेला फटका

मी एक जुनं वल्हं आहे, सागवानी, पुरुषभर उंचीचं. वल्हं म्हटलं की तुम्ही पाणी शोधाल, मित्रांनो, पण गेली नऊ वर्षं मी पाण्यात उतरलेलो नाही. उलव्यात एका चहाच्या टपरीपुढे ताडपत्रीला टेकू देणं, एवढंच काम माझ्या वाट्याला आलं होतं.

गव्हाणच्या सुताराने मला घडवलं. काशीराम नावाच्या नावाड्याने पंधरा वर्षं माझ्या जोरावर खाडीत होडी हाकली. "या वल्ह्याला वजनच नाय, आपोआप चालतं," असं तो चारचौघांत सांगायचा, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लाकडाला मांस कसलं, पण चढायचं खरं. पुढे खाडीत भराव पडला. काशीरामने होडी विकली, डंपर घेतला. मला मात्र गिऱ्हाईक मिळालं नाही. त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, टपरी टाकली तेव्हा ती मला टेकू म्हणून घेऊन आली. चहा पिणारे लोक बोटाचा चुना माझ्या अंगाला पुसायचे. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

समोर एका इमारतीचं काम चालू होतं. मार्चमधली दुपार होती. स्लॅबवर मारलेलं पाणी खाली उतरून सिमेंट कालवायच्या यंत्राभोवती साचलं होतं आणि यंत्राची सोललेली वायर त्याच पाण्यात पडली होती. रामू नावाच्या मजुराने यंत्राला हात लावला आणि तो तसाच चिकटून राहिला. त्याला ओरडताही येईना, नुसता थरथरत होता.

टपरीवरची तेरा माणसं उठली, रस्त्याच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. एक जण म्हणाला, "ठेकेदाराचा माणूस आहे, ठेकेदार बघेल." दुसरा म्हणाला, "नको रे बाबा, उद्या पोलीस आपल्यालाच बोलावतील." दोघांनी मोबाइल वर धरले. मेन स्विच कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला शाहीद तेवढा धावला. पोरगा मनाचा सोन्यासारखा, पण त्याने थेट रामूचा दंड धरायला हात पुढे केला.

चंद्रावतीने मला हिसकून काढलं. ताडपत्री शेगडीवर कोसळली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. माझा पहिला फटका बसला तो शाहीदच्या मनगटावर.

"हात नको लावू. तू पन चिकटशील," ती म्हणाली.

दुसरा फटका तिने कोरड्या जागी उभं राहून, सगळं बळ एकवटून रामूच्या हातावर मारला. त्याचा हात सुटला आणि तो बाजूच्या कोरड्या वाळूवर पडला. माझ्या पात्याला उभी चीर गेली.

शाहीद मनगट धरून कळवळला. "ताई, मी त्याला वाचवायलाच जात होतो ना?"

"माझा भाऊ पन एकाला वाचवायाच गेलता. सुकापूरला, लग्नाच्या मांडवात. दोघंव चिकटून गेलं."

शाहीदनेच मग सुजल्या हाताने रिक्षा थांबवली आणि रामूला दवाखान्यात नेलं.

रामू जगला. त्याची दोन बोटं भाजली होती. शाहीद पुढे आठ दिवस मनगटाची सूज गिऱ्हाइकांना दाखवत, "ताईंनी मारलंय," असं मोठ्या अभिमानाने सांगत होता.

महिन्याभराने रामू टपरीवर आला. त्याने चहा घेतला. मग म्हणाला, "मावशी, तुमची-माझी ओळखसुद्धा नव्हती."

चंद्रावती म्हणाली, "इचारली असती तर सांगनार व्हतास का? तोंड उघडत व्हतं का तुझं?"

आता ताडपत्रीला बांबू लावलाय आणि मी खिळ्याला टांगलेला असतो. येणारेजाणारे माझं कौतुक करतात. पण मित्रांनो, खरं सांगतो, मला त्याची लाज वाटते. जिथे काम करता, राहता, तिथला मेन स्विच माहीत करून घ्या. विजेने धरलेल्या माणसाला उघड्या हाताने शिवू नका, कोरड्या लाकडाने ढकला. तेही जमत नसेल तर हाका मारून माणसं जमवा. पण बघत राहू नका. त्या दुपारी तेरा माणसं बघत होती आणि चौदावा बघ्या मी होतो. मला पाय नाहीत, म्हणून कोणी उचलेपर्यंत मला थांबावं लागलं. तुम्हाला पाय आहेत.