गुप्तरावांचा फोन वाजत नाही

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे गुप्तराव म्हणायचे. फोनमधून त्यांनी त्या बड्या कंपनीच्या सगळ्या सेवा उपटून फेकल्या, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलं. कंपनीला आपलं काहीएक कळता कामा नये, असा त्यांचा बाणा. तिला यांच्याबद्दल काय जाणून घ्यायचं होतं, देव जाणे!

काम भाचीनं केलं होतं. पोरगी संगणकात हुशार. तिनं फोन पुसून कोरा केला, नवी प्रणाली टाकली, मेसेजचं अ‍ॅप वेगळं बसवलं आणि बजावलं, "मामा, मेसेज आला की फोनला जाग येते ना, ती त्या कंपनीच्या सेवेमुळे. ती आता नाही. म्हणून हे अ‍ॅप सतत आतल्या आत चालू ठेवावं लागेल. बॅटरी खाईल, पण बंद करू नका."

मामांनी आठ दिवसांत बंद केलं. दुपारी दोनलाच फोन मान टाकायचा, करणार काय? त्यापेक्षा त्यांनी वेळाच ठरवल्या: सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. तेव्हा अ‍ॅप उघडायचं, साचलेलं वाचायचं, पुन्हा बंद. शिवाय अनोळखी नंबर वाजूच द्यायचे नाहीत.

"फोन माझा नोकर आहे, मी त्याचा नाही," हे ते काउंटरवरच्या बाईंना दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

"नोकर बहिरा आहे हो तुमचा," बाई म्हणायच्या.

आता, या एवढ्या गुप्ततेत खरोखर लपवण्यासारखी एकच गोष्ट होती. गुप्तरावांची बायको दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स. पाच वर्षं दोघांचा संसार रविवारी सकाळी सुरू व्हायचा आणि रविवारी संध्याकाळी संपायचा. एकट्यानं जेवून जेवून माणूस पार विटला होता. त्या इस्पितळापासून दहा मिनिटांवर चष्म्याच्या काचांचा मोठा कारखाना होता. तिथे ते बायकोखेरीज कुणालाही न कळवता मुलाखत देऊन आले. ही नोकरी मिळाली तर रोज संध्याकाळी घरी बायको दिसणार होती. दुसरं काही नको होतं त्यांना.

कारखान्याच्या अर्जात दुसरा संपर्क क्रमांक मागितला होता. बायकोचा नंबर परक्या लोकांच्या हाती द्यायचा? छे! त्यांनी दुकानाचा दिला. तो पाटीवर रंगवलेलाच आहे, त्यात लपवायचं काय? झालं! शहाणपणाची कमालच म्हणायची.

निकाल सोमवारी कळणार होता. शुक्रवारी गुप्तरावांनी एक वाजता अ‍ॅप उघडलं, काही नव्हतं, बंद केलं आणि ते कामाला बसले.

पावणेसहाला मालक वरच्या खोलीतून गुडघे सांभाळत खाली उतरले, सरळ गुप्तरावांकडे आले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बाई बघतच राहिल्या.

"सोळा वर्षं झाली तुम्हाला इथे," मालक म्हणाले. "पण आज तुम्ही मला जिंकलंत."

"काय झालं, मालक?"

"दीड वाजता दुकानाच्या नंबरावर, वर माझ्या टेबलावर, त्या कारखान्याचा फोन आला. तुमची निवड झालीय, साडेचारपर्यंत होकार हवा, पण तुम्ही फोन उचलत नाही, म्हणाले. खोटं कशाला बोलू, आधी राग आला. मग म्हटलं, माणसाची बायको तिकडे आहे, त्यानं जाऊ नये तर काय करावं? त्यांना सांगितलं, डोळे मिटून घ्या, असा कारागीर मिळणार नाही."

गुप्तरावांनी विचारलं, "मग?"

"मग तुम्हाला मेसेज केला. जायचं असेल तर चारपर्यंत वर येऊन सांगा, नाही आलात तर राहताय असं समजेन. एकदा नाही, तीनदा लिहिलं. जिन्यावरून पाहिलंसुद्धा. तुम्ही आपले शांतपणे काच घासताय! साडेचारला त्यांचा पुन्हा फोन आला. छाती फुगवून सांगितलं, आमचा माणूस कुठेही जायचा नाही."

"अहो, पण... एक हाक मारायची होती, मालक!"

"इथे? गिऱ्हाइकांसमोर? बाईंसमोर?" मालकांना ते ऐकवेना. "तुमची खासगी बाब होती ती!"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. गुप्तरावांनी अ‍ॅप उघडलं. सगळं एकदम येऊन आदळलं: कारखान्याचा पहिला, मालकांचे तीन, आणि शेवटी पुन्हा कारखान्याचा. आपल्या मालकांकडून नकार कळला, दुसऱ्या उमेदवारास बोलावले आहे.

तेवढ्यात फोन खणखणला. बायकोचा होता.

"अहो, काही कळलं का?"

"हो," गुप्तराव म्हणाले. "घेतलं होतं मला."

"होतं म्हणजे?"

"मालकांनी नकार कळवला."

"अगं बाई! आणि तुम्ही कुठे होतात?"

गुप्तरावांनी मालकांकडे पाहिलं. ते अजून कौतुकानं त्यांच्याकडेच बघत होते.

"इथेच," गुप्तराव म्हणाले. "त्यांच्या समोरच बसलो होतो."