लोकेशच्या बदल्यात आलेला रोलर

मित्रांनो, मैदान सपाट करणं हे माझं काम. मी सिमेंटचा एक जुना रोलर आहे. लांबी एक मीटर, व्यास साठ सेंटिमीटर, वजन अंदाजे सहाशे ऐंशी किलो. अंदाजे अशासाठी, की मला आजवर कोणी काट्यावर चढवलेलं नाही. आकारमानाला काँक्रीटच्या घनतेने गुणून मीच हा आकडा काढला आहे. स्वतःभोवतीच्या एका फेरीत मी एक मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर पुढे जातो. खाली बोटभर उंचवटा आला तरी माझा लोखंडी दांडा तेवढाच वर उचलला जातो, आणि मला जमिनीची उंचसखल जागा पाठ होऊन जाते. ही माहिती पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगितली.

माझा जन्म गडचांदूरचा. तिथे जलालुद्दीनभाई नावाचे कारागीर नाल्यांचे सिमेंटचे पाइप ओतायचे. एका पाइपाची कड तडकली. तो फेकून न देता त्यांनी त्यात मधोमध लोखंडी दांडा बसवला आणि पोकळी काँक्रीटने भरली. मग अठ्ठावीस दिवस माझ्यावर ओली पोती टाकून पाणी मारलं. कोणी घाई करायला लागलं की ते म्हणायचे, "जल्दी केली का सिमेंट रुसते." मी रुसलो नाही. गावातल्या फुटबॉल संघाने मला नेलं आणि सहा वर्षं मी त्यांचं मैदान दाबलं. खेळाडू माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत. बाहेरचा संघ मैदानाची स्तुती करू लागला, की मला आपलीच पाठ थोपटल्यासारखं वाटे.

पुढे रस्त्याच्या कामावरचा इंजिनवाला रोलर दर महिन्याला मैदानावरूनही फिरू लागला. मला भिंतीकडेला लोटून दिलं. माझ्या दांड्यावर टॉवेल वाळू लागले, आणि दुपारी एक बकरी माझ्यावर उभी राहून भिंतीपलीकडचा पाला खाऊ लागली. मित्रांनो, बकरीविषयी माझी तक्रार नाही. त्या दोन वर्षांत माझा काही उपयोग आहे असं फक्त तिलाच वाटत होतं.

मग लोकेशचा सौदा झाला.

एटापल्ली तालुक्यात जंगलात हिरंगट्टा नावाचं गाव आहे. तिथे दर उन्हाळ्यात फुटबॉलची स्पर्धा होते. गडचांदूरचा संघ तिथे पाहुणा म्हणून खेळायला गेला आणि तीन विरुद्ध एक असा हरला. तिन्ही गोल लोकेश नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने केले. चेंडू जमिनीसरशी सुटायचा, गोलकीपर खाली झेपावायचा, आणि ऐन वेळी चेंडू उसळी मारून त्याच्या डोक्यावरून आत जायचा. गडचांदूर संघाचा सचिव तौसीफ हे बघून वेडा झाला. त्याने हिरंगट्ट्याचा कप्तान इसरू याला तिथेच गाठलं.

"इसरूभाऊ, हा पोरगा आमाले द्या. राहाले खोली देतो, हार्डवेअरच्या दुकानात काम देतो. बदल्यात काय पायजे ते मांगा."

इसरूने मैदानाकडे पाहिलं. रानडुकरांनी कंद उकरून तिथे खड्डे पाडले होते. त्या स्पर्धेत पाहुण्यांच्या तीन खेळाडूंचे घोटे मुरगळले होते, आणि चार संघांनी पुढच्या वर्षी येणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं.

"रोलर हाय का तुमच्याकडे?" इसरूने विचारलं.

अशा रीतीने मी ट्रकात चढलो. सिमेंट पोचवायला एटापल्लीकडे निघालेला ट्रक होता. तौसीफ पुढे चालकाशेजारी बसला. बकरी फाटकापर्यंत आली होती.

हिरंगट्ट्याची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे गावसभेत मतं मोजत नाहीत. गोटुलापुढे, म्हणजे गावाच्या सामाईक घरापुढे, सगळे बसतात आणि प्रत्येकाला विचारतात. प्रत्येकाने तोंडाने हो म्हटलं तरच निर्णय होतो. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. एक जण जरी नाही म्हणाला, तरी विषय पुढच्या सभेवर जातो. मी पोचलो त्या दिवशी बेचाळीस जणांनी हो म्हटलं. त्रेचाळिसाव्या होत्या रुखमाबाई. पन्नाशीच्या, मोहफुलं आणि चारोळी गोळा करणाऱ्या, आणि संघाचा एकही सामना न चुकवणाऱ्या.

"मले पटलं नाई," त्या म्हणाल्या.

"बाई, ट्रक उभा हाय," इसरू म्हणाला.

"ट्रक उभा हाय म्हून पटन का मले?"

शेवटी तात्पुरतं असं ठरलं, की मला उतरवून घ्यावं, लोकेशला घेऊन ट्रक जाऊ द्यावा आणि निर्णय पुढच्या सभेत पुरा करावा. लोकेश त्या दिवशी तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला होता. संध्याकाळी तो घरी आला, तर त्याची पिशवी ट्रकात होती. गावाचं ठरलं आहे असं समजून तो पिशवीमागोमाग गेला.

मित्रांनो, पुढची दोन वर्षं त्या एका निर्णयावर वाद चालला, आणि तो माझ्यासमोर चालला. कारण मला मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली ठेवलं होतं आणि वाद घालायला सगळे माझ्यावरच बसत.

सौद्याच्या विरोधकांचा पुढारी होता मंगरू. आवाज मोठा, आणि मी त्याच्या डोळ्यांत खुपणारा.

"धावणारा पोरगा देल्ला अन् हा धोंडा आणला," तो म्हणायचा. "याले हलवाले सहा माणसं लागते. हा गोल मारन का?"

"अबे, मैदान पाह्य," इसरू म्हणायचा. "मागल्या साली किती संघ आले? चार. औंदा किती? नऊ. काऊन आले? यानं मैदान चांगलं केलं म्हून."

"अन् त्या नऊमंधून आपण किती जणांले हरवलं?"

इथे इसरू माझी धूळ झटकायला लागायचा. कारण उत्तर होतं, एकाला. तेसुद्धा त्यांचा गोलकीपर हगवणीने आजारी होता म्हणून.

दर सभेत इसरू विचारी, "रुखमाबाई, पटलं का?" आणि त्या म्हणत, "नाई." लोकांना वाटे, बाईंना लोकेशचे गोल आठवतात. मग विषय पुढे जाई.

या सगळ्यात एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. उत्तरेकडच्या गोलसमोर, डाव्या हाताला, जुन्या वारुळाचा एक टणक उंचवटा होता. मी पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा माझा दांडा चौदा सेंटिमीटर वर उचलला गेला होता. लोकेशचा चेंडू जमिनीसरशी यायचा, त्या उंचवट्यावर आपटायचा आणि उसळून गोलकीपरच्या डोक्यावरून जायचा. त्याचे झाडून सगळे गोल उत्तरेच्याच गोलात झाले होते, हे कोणी पडताळलं नव्हतं. गावातल्या बाकी पोरांचा खेळही तसाच. कुठला खड्डा चेंडू अडवतो आणि कुठला वळवतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पाहुण्यांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून गाव जिंकत होतं.

आणि मी, अतिशय प्रामाणिकपणे, रोज सकाळी हे सगळं सपाट करत होतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो उंचवटा एक सेंटिमीटरवर आला. सगळे मला शाबासकी देत होते. मला आनंद होत होता आणि थोडी लाजही वाटत होती. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. बहुतेक.

मग या उन्हाळ्यात, एका सकाळी, तोच ट्रक आला. तौसीफ उतरला आणि त्याच्यामागून लोकेश, तीच पिशवी घेऊन.

गोटुलापुढे सभा बसली. काळा चहा आला. तौसीफ भला माणूस, पण अवघडून गेला होता.

"इसरूभाऊ, खरं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पोरगा हिऱ्यासारखा हाय. पण पयल्या वर्सी त्याचे गोल झाले दोन. दुसऱ्या वर्सी एकबी नाई. आता तं समोर गोल मोकळा असला तरी दुसऱ्याले पास देते. खेळते मस्त. पण आमच्या कमिटीले गोल पायजे. कमिटी म्हणते, पोरगा वापस द्या, रोलर वापस आणा."

"रोलर कायले पायजे तुमाले? तुमच्याकडं तं इंजिनवाला हाय," इसरू म्हणाला.

"प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधून राह्यलो. हा फोडून पायव्यात टाकू. आता हा कामाचा नाई हे मलेबी समजते. पण पोरगा सोडून रिकाम्या हातानं गेलो तं कमिटी माह्या डोक्यावर बसन."

फोडून, म्हणाला तो. मित्रांनो, अठ्ठावीस दिवस पाणी पिऊन जमवलेली ताकद किती घणांत जाते, याचा मी तेव्हा हिशोब करू लागलो. मूळच्या तडकलेल्या कडेवर घाव घातला तर चाळीस. शहाण्या माणसाने तिथेच घातला असता.

तेवढ्यात मंगरू उठला आणि माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. "धोंडा नाई देत!"

"अबे, दोन वर्सं तूच म्हणून राह्यला ना, धोंडा घेतला म्हून?" इसरू ओरडला.

"घेतला तेव्हा चूक केली. आता द्याल तं दुसरी चूक!"

"मंग लोकेश नाई पायजे तुले?"

"लोकेश पायजे. धोंडाबी पायजे."

"अन् तौसीफभाईले काय पायजे?"

"त्यायले चहा पाजा!"

दोन वर्षं जे सौदा वाईट म्हणत होते ते आता माझ्या बाजूने, आणि जे चांगला म्हणत होते ते लोकेशसाठी मला सोडायला तयार. इसरू तर हमसून म्हणाला, "मी चूक केली, ती मलेच निस्तरू द्या." ट्रकचा चालक हॉर्न वाजवत होता. शेवटी इसरूने नेहमीचा प्रश्न विचारला. "रुखमाबाई, आता तरी पटलं का?"

रुखमाबाई उठल्या. "तुमी मले दोन वर्सं 'पटलं का' म्हून पुसलं. 'काऊन नाई पटलं' हे एकानंबी पुसलं नाई."

त्यांनी लोकेशकडे बोट केलं.

"तवा बेचाळीस जणांले इचारलं. हा पोरगा गावचा नाई का? त्याले कोणी इचारलं? सगळे हो म्हणून राह्यले, अन् ज्याले जाचं तो जंगलात पानं तोडून राह्यला. अन् म्हणे गावानं ठरवलं!"

इसरू लोकेशकडे वळला. "लोकेश... तुले काय पायजे बे?"

लोकेश पिशवीवर बसला होता. तो म्हणाला, "मले घरी याचं हाय, भाऊ. तिथी पयल्या वर्सी गोलच होयेना. लई शोधलं. मंग ध्यानात आलं, माहा पाय काई खास नोयता, इथचा उंचवटाच खेळत होता. मंग मी नव्यानं शिकलो. पास द्याले शिकलो, जागा पाहाले शिकलो. ते मले इथी शिकवाचं हाय सगळ्यांले. पण त्याले सपाट मैदान लागते. रोलर देऊन मले घेत असान, तं मी येऊन करू काय? डुकरं दोन महिन्यांत खड्डे पाडते."

मंगरूला तो उंचवटा आठवला असावा, कारण तो उठून मैदानापर्यंत गेला, पायाने जमीन चाचपली आणि परत येऊन बसला.

लोकेश परत येणार, यावर सगळ्यांनी एकेक करून हो म्हटलं. रुखमाबाईंनीही. दोन वर्षांत पहिल्यांदा. पण तौसीफ जागचा हलला नाही. "मंग रोलर चढवू ना?" तो हळूच म्हणाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शब्द दिला होता. पोरगा आला, तर वस्तू जायला हवी. इसरूने विषय मांडला आणि माना खाली घालून एकेकाने हो म्हटलं. लोकेशनेही म्हटलं, फार हळू. मंगरू त्याच्याही नंतर म्हणाला, आणि म्हणताना त्याने माझ्यावर हात ठेवला होता.

आता फक्त रुखमाबाई उरल्या.

"माहा हो हाय," त्या म्हणाल्या. मी ते ऐकलं. "पण आता यालेबी इचारा. मागच्या टायमाले जाणाऱ्यालेच इचाराचं राह्यलं, अन् दोन वर्सं वाया गेली."

कोणीतरी हसलं. रुखमाबाई हसल्या नाहीत. मग इसरू उठला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "काऊन भाऊ, जातं का गडचांदूरले?"

सभा थांबली. मित्रांनो, त्या गावात गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. चहाची दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. माझ्यावरून एक मुंगळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आला. तौसीफ आधी घड्याळ बघत होता, मग माझ्याकडे बघू लागला, आणि मग त्याच्या मिशीखाली हसू फुटायला लागलं.

"इसरूभाऊ, कमिटीले मी काय सांगू?"

"सांगा, निर्णय झाला नाई."

"कवा होईन?"

"हा बोलला का फोन करतो."

तौसीफने चहाचा पेला पालथा ठेवला, लोकेशला मिठी मारली आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. आता रोलरच्या बदल्यात त्याचे खेळाडू दर महिन्याला लोकेशकडून पास देणं शिकायला येतात, असं त्याने कमिटीला सांगितलं आहे. कमिटीला ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, मला ओढायच्या आधी मैदानावर थोडं पाणी शिंपडा, कोरडी माती दबत नाही, नुसती उडते. माझ्या दांड्याला महिन्यातून एकदा तेल द्या. आणि कोणाला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी पाठवायचं ठरवत असाल, तर आधी त्याला विचारा, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तराला वेळ लागू शकतो.

इसरू अजूनही दर सभेत माझ्यापुढे उकिडवा बसून तोच प्रश्न विचारतो. त्याच्या प्रश्नावर मी विचार करतो आहे. घाई नाही.