नव्या पत्त्यांची वाट

वैशाखरे गावच्या महिपतने कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा तिथल्या सरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता लागतो, जुन्या पद्धतीचे पत्ते आता संपत आलेत, दोन-तीन वर्षांत सगळं जग नव्या पद्धतीवर जाईल आणि ती ज्याला येते त्याच्या दारी नोकरी चालत येईल. सरांनी हे जगाला कळवायचं मात्र राहून गेलं. महिपत नवी पद्धत घोटून घोटून शिकला, आणि २००६ साल उजाडलं तरी मुरबाडात तिचं कोणी नावही घेत नव्हतं.

तो मुरबाडातच कमळाकरशेठच्या दुकानात लागला. शेठ घरोघरी केबल टाकून इंटरनेट द्यायचे. नोकरी कच्ची होती, पण शेठनी शब्द दिला होता: जुने पत्ते पुरेनासे झाले की नवी यंत्रं घेऊ, आणि ती सांभाळायला तू, कायमचा. या एका शब्दावर महिपतचं लग्न अडलं होतं. धसईची रंजिता आणि तो कॉलेजपासून एकमेकांचे. दोन्ही घरांना ते ठाऊक होतं. तिच्या वडिलांचं, कमळूदादांचं, म्हणणं एवढंच की कच्च्या नोकरीवर मुलगी द्यायची नाही. त्यात त्यांचं चुकलं तरी काय? ते थांबायला तयार झाले हेच पुष्कळ.

गिऱ्हाइकं वाढली आणि शेठना वरच्या कंपनीने दिलेले मोजके पत्ते एकदाचे संपले. आता महिपतने फक्त हात वर करायचे होते. शेठ, जागा नाही, नवं घ्या, एवढंच म्हणायचं. नेमक्या त्याच आठवड्यात गुणाबाई दुकानात आल्या. त्यांचा मुलगा सुनिल दुबईला, त्याच्याशी घरबसल्या बोलायचं होतं. आता महिपतच्या गावची रीत अशी, की पंगत कितीही भरलेली असो, दारात आलेल्याला जागा नाही म्हणायचं नाही. सगळ्यांनी जरा सरकून घ्यायचं. त्याने गुणाबाईंना शेजारच्या घराच्याच पत्त्यावर बसवलं. एका पत्त्यामागे दोन घरं, मग पाच, मग अख्खी आळी. कधी आवाज तुटायचा, कधी फोटो अर्धाच उघडायचा, पण चालतंय म्हटल्यावर तक्रार कोण करतो? आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय हे त्याला दर वेळी कळायचं, आणि दर वेळी समोरच्या माणसाचं तोंड बघून तो विरघळायचा. असली माणसं देवाने कशाला घडवावीत कोण जाणे.

शेवटी त्याने धीर करून नव्या यंत्रांचा विषय काढला, तेव्हा शेठ मनापासून हसले. तू असताना नवं कशाला, म्हणाले, आणि त्याच्यासाठी चहा मागवला. शेठ वाईट नव्हते. त्यांचं भागत होतं. मोठमोठ्या शहरांतूनही म्हणे हीच युक्ती चालली होती.

धसईच्या बाजारातल्या एसटी थांब्यावर त्याने हे सगळं रंजिताला सांगितलं. तिच्यापासून लपवणं त्याला जमलंच नसतं. ती म्हणाली की बाबांनी किन्हवलीचं स्थळ बघितलंय, मुलगा शाळेत मास्तर आहे आणि रविवारी सुपारी फोडायची आहे.

"येक वरीस थांब गो," तो म्हणाला. "बाबांना नाय म्हन."

"येका तरी गिराइकाला नाय म्हनायचंस. येवढं माज्यासाटी करायचंस." तिचे डोळे भरून आले. "तुला परक्यांना नाय म्हनवलं नाय. मी माज्या बापाला कसं म्हनू रे?"

ती घराकडे वळली. मुरबाडची गाडी आली नि गेली, आणि तो भर बाजारात, ओळखीपाळखीच्या माणसांदेखत, उभ्याउभ्या रडला.